घरी बनवलेली फास्ट इलेक्ट्रिक बोट: प्लायवूडपासून पाण्यापर्यंत आणि मग ट्यूनिंग

नवीन माणूस या छंदात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मोटर कुठली घेऊ? मी उलटं विचारतो, तळ सरळ आहे का? कारण रिमोटवरची बोट पाण्यात नाही पळत, पाण्यावर पळते, आणि वेगात असताना तळाचा फक्त मागचा तिसरा हिस्सा पाण्याला टेकलेला असतो, बाकी सगळी बोट हवेत. तो हिस्सा वाकडा असेल तर वर कितीही ताकदीची मोटर बसवा, बोट उड्या मारणार, डोलणार, कोलांटी खाणार. आणि तो सरळ असेल तर मध्यम मोटरवरसुद्धा अशी सुळकन जाते की बघत राहावं. म्हणून या लेखात तळावर आणि शाफ्टवर, म्हणजे मोटरची ताकद मागच्या पंख्यापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर, जास्त लिहिलंय, इलेक्ट्रॉनिक्सवर त्यामानाने कमी, ते रेडीमेड मिळतं आणि जोडलं की चालतं.

कुठली बोट बनवायची

पहिली बोट मोनोच बनवा, म्हणजे एकाच हलची (हल म्हणजे बोटीचं मुख्य अंग), खाली व्ही आकार असलेली. दोन हलची कॅटमरान दिसायला भारी असते, हायड्रो आणि रिगर या रेसच्या बोटी तर सगळ्यात वेगवान, पण रिगरला आरशासारखं सपाट पाणी लागतं आणि सेटिंगमध्ये एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की ती उडते. मोनो थोडी लाट सहन करते, चुका सहन करते, उलटली तरी फारसं मोडत नाही. लांबी ६५ ते ७० सेंमी, रुंदी २० सेंमीच्या आसपास आणि व्हीचा उतार दोन्ही बाजूला साधारण २० अंश धरा. याच्यापेक्षा लहान बोट नवख्याला सोपी वाटते पण नसते, छोट्या बोटीत वजन पुढेमागे करायला जागाच नसते आणि छोटी लाटही तिला मोठी.

बॅटरी ४एस, म्हणजे चार सेल सिरीजमध्ये, १४.८ व्होल्ट. रेसिंगवाले या व्होल्टेजच्या मोनोला पी-मोनो म्हणतात आणि ४एसला लागणारे पार्ट सगळ्यात सहज मिळतात.

हल

सपाट लाकडी बोर्ड घ्या, खरोखर सपाट, पट्टी आडवीतिडवी ठेवून तपासलेला. बोट त्याच्यावर उलटी बांधायची, तळ वर. ३ मिमी प्लायच्या आडव्या फ्रेम कापायच्या, मधे कील, म्हणजे तळाचा लांबीभर जाणारा कणा, दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या, मग त्यावर दीड मिमी प्लायचा तळ चिकटवायचा. फ्रेम बोर्डवर गुण्यात उभ्या आहेत का हे गुण्या लावून बघा, डोळ्याने नाही. सगळीकडे इपॉक्सी वापरा, साधा पांढरा डिंक पाण्यात टिकत नाही. घाईघाईत पाच मिनिटवाला इपॉक्सी सगळीकडे फासू नका, तो मोटर मांडणीच्या वेळी ठीक, हलला हळू सुकणारा हवा, तो लाकडात मुरतो.

तळ चिकटला की आतून सगळ्या सांध्यांवर फायबर कापडाच्या पट्ट्या इपॉक्सीने बसवा आणि बाहेरून पूर्ण तळावर ८० ग्रॅमचं कापड. इथे लोक रेझिन ओततात, ओतू नका, जुनं कार्ड घेऊन जादाचं खरवडून काढा, कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे. ताकद कापडात असते, जादा रेझिन म्हणजे नुसतं वजन. आतून लाकूड उघडं राहिलं असेल तर त्यावर पातळ इपॉक्सीचा एक हात फिरवाच, आत पाणी येणारच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत बसा, बोट उलटी, मागच्या २५ सेंमीवर स्टीलची पट्टी लांबीच्या दिशेने उभी धरा आणि पट्टीमागे टॉर्च लावा. पट्टीखालून उजेड झिरपला तिथे खड्डा. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना डुगडुगली तर फुगवटा. कीलपासून कडेपर्यंत चार पाच ठिकाणी हे करा, पेन्सिलने खुणा करा. मागच्या टोकाकडे खड्डा असेल तर पाणी शेपूट उचलतं आणि नाक खाली दाबलं जातं, बोट ओली आणि संथ चालते. फुगवटा त्याहून वाईट, तो शेपूट खाली ओढतो, नाक वर जातं, मग आपटतं, परत वर जातं.

हे का होतं ते पाहायचं असेल तर चमचा घ्या, दांडीच्या टोकाला दोन बोटांत सैल लटकवा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला टेकवा. वाटतं की धार चमच्याला ढकलेल, पण चमचा धारेत ओढला जातो. पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं आणि पृष्ठभागाला स्वतःकडे खेचतं. बोटीच्या मागच्या कडेला नेमकं हेच होतं, ती कड गोल असेल तर.

माझी पहिली बोट याच्यावरच अडली होती. मी इतकं प्रेमाने पॉलिश पेपर मारलं होतं की ट्रान्समची कड, म्हणजे जिथे तळ संपतो आणि मागची भिंत सुरू होते ती, छान गुळगुळीत गोल झाली होती. बोट पाण्यात सोडली आणि डॉल्फिनसारखी उड्याच मारत राहिली, दोन महिने मी बॅटरी पुढे सरकव, प्रॉप (मागचा पंखा) बदल, स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट धरणारं मागचं ब्रॅकेट) वाकव असं करत बसलो आणि गोलाई एक मिमीसुद्धा नव्हती हो. शेवटी कड धारदार केली आणि त्याच सेटिंगला बोट शांत झाली.

कड धारदार करायची पद्धत सांगतो. ट्रान्समवर पॅकिंग टेप असा चिकटवा की तो तळाच्या पातळीपेक्षा ३ मिमी वर येईल, छोटी भिंतच होते. बोट उलटीच आणि लेव्हलमध्ये ठेवा. त्या कोपऱ्यात घट्ट केलेला इपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी टेप सोलून काढा आणि सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तळाच्या पातळीत घासा. नुसत्या बोटांनी पेपर धरून घासू नका, बोटं मऊ असतात, ती परत कड गोल करतात. शेवटी कडेवर नख फिरवलं की नखाचा पापुद्रा निघाला पाहिजे, इतकी धार. बाजूच्या चाइनच्या कडा, म्हणजे जिथे तळ आणि बाजूची भिंत मिळतात त्या, पण मागच्या अर्ध्या भागात अशाच धारदार हव्यात. वरचा रंग, स्टिकर, डिझाइन तुमच्या आवडीचं, त्याच्याने वेग बदलत नाही.

फोम, आणि तो आधीच

डेक लावायच्या आधी नाकात आणि बाजूंना बंद पेशींचा फोम भरा, पोहण्याच्या नळकांड्यांमधला चालतो. हिशोब सोपा आहे, एक लिटर फोम साधारण एक किलो वजन तरंगत ठेवतो. तयार बोट बॅटरीसकट दोन ते अडीच किलो होते, लाकूड स्वतः तरंगतं, तरी दीड दोन लिटर फोम घाला. आणि टेस्ट करा, मनातल्या मनात नाही, खरोखर. बॅटरी आणि मोटरच्या वजनाएवढे दगड किंवा लोखंड पिशवीत बांधून आत ठेवा, बोट टबमध्ये पूर्ण पाण्याने भरून टाका. बुडाली तर टबमधून उचलता येते, तळ्यातून येत नाही.

शाफ्ट, स्ट्रट, रडर

मोटर आत, प्रॉप बाहेर मागे, मधे फ्लेक्स केबल, म्हणजे वाकू शकणारी विणलेली तार, जी पितळी नळीतून जाते. नळीच्या आत टेफ्लॉनचा लायनर असतो. या लाइनमध्ये जितकी वाकडी वळणं तितकी ताकद उष्णता बनून जाणार. नळीला एकच लांब, हलका बाक द्यायचा. बाक देताना नळी चेपते, म्हणून आत कोरडं बारीक मीठ ठासून भरा, दोन्ही टोकं टेपने बंद करा आणि मोठ्या डब्याच्या गोलाईवर हळूहळू दाबत न्या, मग मीठ धुवून टाका.

नळी आधी चिकटवायची नाही. ही चूक जवळजवळ सगळे करतात. मोटर तिच्या माउंटवर बसवा, स्ट्रट ट्रान्समवर स्क्रूने बसवा, केबल कपलरमध्ये, म्हणजे मोटर आणि केबल जोडणाऱ्या तुकड्यात, अडकवा, नळीतून बाहेर काढा आणि नळीला तिच्या मनाने बसू द्या. प्रॉप दोन बोटांनी फिरवून बघा, पूर्ण फेरीत कुठेही जड लागता कामा नये. जड लागलं तर मोटर थोडी वर खाली करा, परत बघा. पूर्ण मोकळं झालं की मगच नळीभोवती इपॉक्सी. या कामाला मी अख्खी संध्याकाळ देतो.

स्ट्रट आणि ड्राइव्ह डॉग, म्हणजे प्रॉपच्या पुढचा पकडणारा तुकडा, यांच्यात २ ते ३ मिमी गॅप ठेवा. लोडवर केबल पिळली जाते आणि आखूड होते, गॅप नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, तापतो आणि स्ट्रटमधला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, खातो. केबलच्या विणीची दिशाही प्रॉपच्या दिशेला जुळली पाहिजे, फिरताना वीण घट्ट व्हायला हवी, उलटी घेतली तर पहिल्याच फुल थ्रॉटलला उलगडते. कपलरचे ग्रब स्क्रू शाफ्टला घासून केलेल्या सपाट जागेवर घट्ट बसवा. केबलला बोटीसाठी मिळणारं जलरोधक ग्रीस भरपूर लावा.

स्ट्रटची सुरुवातीची जागा: शाफ्टचा मध्य कीलच्या पातळीत, कोन शून्य म्हणजे तळाला समांतर. तिथून पुढे पाण्यावर ठरवू. रडर, म्हणजे बोट वळवणारं सुकाणू, ट्रान्समवर मधोमध नाही, प्रॉपच्या बाजूला सरकवून लावतात, साधारणपणे उजवीकडे, कारण रेसमध्ये फेऱ्या उजव्या वळणाच्या असतात. पाती पाण्याला काटकोनात, पुढची कड सुरीसारखी धारदार, मागची चौकोनी. रडरच्या ब्रॅकेटमध्ये एक स्क्रू नायलॉनचा ठेवा, काठीवर आदळली तर तो तुटेल आणि ट्रान्सम वाचेल.

मोटर, ईएससी, बॅटरी

ब्रशलेस इनरनर, म्हणजे फिरणारा भाग आत असलेली मोटर, ३६ मिमी व्यासाची, २००० केव्हीच्या आसपास. केव्ही म्हणजे एका व्होल्टला विनालोड किती फेरे, तर १४.८ गुणिले २००० म्हणजे २९,६०० आरपीएम. स्पोर्ट बोटीला २५ ते ३० हजार आरपीएमचा टप्पा उत्तम, त्यात सगळं थंड राहतं.

वेगाचा अंदाज असा काढा. लोडवर आरपीएम पडून समजा २३,००० झाले, प्रॉप ४० मिमी व्यासाचा आणि १.४ पिचचा, म्हणजे एका फेरीला ५६ मिमी पुढे. गुणाकार केला की मिनिटाला १,२८८ मीटर, म्हणजे ताशी ७७ किमी. त्यातून घसरण १५ टक्के वजा करा, ६५ किमी उरतात. पहिल्या बोटीला ६५ भरपूर झाले, काठावरून बघताना तो वेग फार मोठा वाटतो.

ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, १२० अँपिअर किंवा वरचा, वॉटर कूल्ड, बोटीसाठीचा. बॅटरीपासून ईएससीपर्यंतच्या वायरी जितक्या आखूड तितकं बरं, लांब केल्या तर व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कपॅसिटर फुगतात. अंतर जास्तच असेल तर मोटरकडच्या तीन वायरी लांब करा. मोटर उलटी फिरली तर त्या तिघीतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करा, झालं. बारीक सोल्डरिंग आयर्न चालणार नाही, ६० वॉट किंवा जास्तीचं घ्या, ५.५ मिमी बुलेट कनेक्टर, कथील आत पूर्ण वितळून चकाकलं पाहिजे. मळकट, दाणेदार दिसलं तर सांधा कच्चा आहे, १०० अँपिअरला तोच आधी तापणार.

बॅटरी दोन २एस पॅक सिरीजमध्ये घ्या, एक डावीकडे एक उजवीकडे, तोल आपोआप येतो आणि वेलक्रोवर पुढेमागे सरकवता येतात. ५००० एमएएच बऱ्यापैकी. चार्जिंग ५ अँपिअरने, समोर बसून, ही बॅटरी लायपो (लिथियम पॉलिमर) असते, ती चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. ईएससीचा कटऑफ सेलला ३.३ ते ३.४ व्होल्टवर ठेवा आणि तो यायच्या आधीच बोट परत आणा, क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त काढू नका.

कूलिंगचं पाणी रडरमधल्या छिद्रातून येतं, सिलिकॉनच्या नळीने आधी ईएससीत, मग मोटरच्या जॅकेटमधून बाहेर. बाहेर पडायचं भोक बोटीच्या बाजूला असं ठेवा की धार काठावरून दिसेल. धार दिसली नाही तर लगेच परत, नळी कुठेतरी दुमडली किंवा शेवाळ अडकलंय.

रिसीव्हर फुग्यात घाला, साधा रबरी फुगा, वायरींभोवती केबल टायने आवळा, यापेक्षा चांगला वॉटरप्रूफ डबा मी पाहिला नाही. अँटेना डेकच्या वर काढा, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की बोटीने काय करायचं ते, शून्य थ्रॉटलवर सेट करा आणि हातात बोट धरून, प्रॉप काढून, रिमोट बंद करून खात्री करा.

एक गोष्ट हट्टाने सांगतो. बॅटरी जोडल्यावर प्रॉपच्या रेषेत हात, ओढणी, केस काहीही नको. आधी रिमोट चालू, मग बोट, बंद करताना आधी बोट. धारदार प्रॉप २० हजारांवर फिरतो तेव्हा तो दिसतच नाही, आणि हाताचं बोट तोडायला त्याला वेळ लागत नाही.

प्रॉप

सुरुवात ४० मिमीच्या कार्बन भरलेल्या प्लास्टिक प्रॉपने करा. मेटलचे प्रॉप, उदाहरणार्थ ऑक्ट्युराचा एक्स४४२, म्हणजे ४२ मिमी व्यास आणि १.४ पिच, कच्चे येतात, त्यांना धार लावावी लागते आणि बॅलन्स करावे लागतात. मागून जी बाजू दिसते ती पाणी ढकलते, तिला हात लावू नका, दुसऱ्या बाजूने घासत पुढच्या कडेला धार आणा. बॅलन्सरवर जे पातं खाली जातं ते जड, तेच थोडं थोडं घासायचं. यातले बरेच प्रॉप बेरिलियम कॉपरचे असतात आणि बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला खरोखर घातक आहे, म्हणून कायम पाण्यात ओलं करून घासा, मास्क आणि हातमोजे घाला, ग्राइंडर लावू नका.

पहिलं पाणी

घरी बोट दोन बोटांवर तोलून बघा, बॅटरीसकट. तोलाचा बिंदू मागून लांबीच्या ३० टक्क्यांवर हवा, ७० सेंमीच्या बोटीत ट्रान्समपासून २१ सेंमी, स्ट्रट आणि रडर मोजायचे नाहीत. झाकणाभोवती रुंद पारदर्शक टेप, कोपरे अंगठ्याने दाबून.

पोहणारी माणसं, मासेमारीच्या दोऱ्या आणि पक्षी नसलेलं शांत पाणी शोधा. मोटर बंद पडली तर बोट आणायला पोहत जायचं नाही, कधीच नाही, थंड पाणी आणि पाणवनस्पती फसवतात. टेनिस बॉलला मासेमारीचा दोरा बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि हळू ओढून घ्या, दोन चार प्रयत्नांत येते.

पहिली फेरी फक्त एक मिनिट, अर्ध्या थ्रॉटलवर. परत आणा, टेप काढा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मोटर ६५ अंशांच्या आत, ईएससी ६० च्या आत, बॅटरी ५० च्या आत. सगळं ठीक असेल तर पुढची फेरी दोन मिनिटं, मग तीन. मोटर तापली तर प्रॉप लहान करा, दुसरं काही करत बसू नका.

ट्यूनिंग

एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिहायचं, बॅटरी कुठे, स्ट्रट किती, प्रॉप कुठला, तापमान किती. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

बोट नाक वर-खाली करत उड्या मारते: आधी तळाची कड तपासा, मग बॅटरी १ सेंमी पुढे, मग दोन्ही ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला दोन बाजूंना लावलेल्या छोट्या पट्ट्या, केसभर खाली. टॅबला कागदाच्या जाडीएवढा फरकसुद्धा कळतो.

नाक खाली, पूर्ण बोट ओली, वेग नाही: बॅटरी ५ मिमी मागे, टॅब तळाच्या पातळीत. तरी फरक नसेल तर स्ट्रटचा प्रॉपकडचा भाग अगदी थोडा वर, त्याने शेपूट बसतं आणि नाक उठतं. उलट प्रॉपकडचा भाग खाली केला की शेपूट उचललं जातं आणि नाक दबतं. स्ट्रटचा कोन फार जोरकस आहे, अर्धा अंश म्हणजे मोठा बदल समजा.

एका बाजूला झुकते: प्रॉपच्या टॉर्कमुळे हल प्रॉपच्या उलट दिशेला झुकतो, प्रत्येक सिंगल मोटर बोटीत असतं. झुकणाऱ्या बाजूचा टॅब थोडा खाली किंवा बॅटरी थोडी दुसऱ्या बाजूला. टॅब पुरेसा असेल तर वजन हलवू नका.

फुल थ्रॉटलला डावी-उजवी डोलते, डोलणं वाढत जातं: थ्रॉटल हळू सोडा, एकदम नाही. मग बॅटरी पुढे, आणि स्ट्रट किंवा केबलमध्ये ढिलेपणा आहे का बघा, बऱ्याचदा स्ट्रटचा बुश झिजलेला असतो.

वळणावर शेपूट फिरून बोट गिरकी घेते: रडरची पुढची धार बोथट झालेली असते, कानस मारा. रिमोटमधला रडरचा प्रवासही कमी करा, आणि वळणाच्या आधी थोडा थ्रॉटल सोडायची सवय लावा.

मोटर जोरात किंचाळते पण बोट पुढे जात नाही: प्रॉप हवेत फिरतोय. स्ट्रट एक मिमी खाली घ्या. तरी तसंच असेल तर कपलर घसरतोय, शाफ्टवर मार्करने रेष मारून ठेवा म्हणजे लगेच कळतं.

हे सगळं जमून बोट पाण्यावर चिकटल्यासारखी सरळ जायला लागली की तेव्हाच ४२ मिमीचा प्रॉप लावा, आणि परत एक मिनिटाच्या फेरीपासून सुरू, थर्मामीटर हातात. वेग मोजायला छोटा जीपीएस लॉगर पिशवीत बंद करून झाकणाखाली टेपने चिकटवा, नजरेचा अंदाज नेहमी जास्त निघतो.

घरी आलात की टेप त्याच दिवशी काढा, झाकण उघडं ठेवा, आतलं पाणी फडक्याने टिपा, मोटरच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब. केबल बाहेर काढून पुसा आणि नवीन ग्रीस लावा, पाणी खारं असेल तर आधी सगळं गोड्या पाण्याने धुवा, कूलिंगच्या नळीतूनही गोडं पाणी सोडा. बॅटऱ्या गार झाल्या की सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.